दुसऱ्या व्हायोलाच्या खुर्चीवरून

मिरजेला व्हायोलिन शिकत होते तेव्हा सर म्हणायचे, "घाई नको. हात पिकायला वीस वर्षं लागतात." मी ते मनापासून मानलं. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवून कित्येक पहाटा नुसता भैरव घासला.

आता बर्लिनमध्ये एका हौशी गटात मी दुसरा व्हायोला वाजवते; व्हायोला म्हणजे व्हायोलिनचाच जरा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ. गेले दोन महिने दर गुरुवारी आमच्यासमोर एकच रचना आहे, जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनचं ऑक्टेट, म्हणजे आठ वाद्यांसाठीची रचना. चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि त्याहून खालच्या सुरांचे दोन चेलो. १५ ऑक्टोबर १८२५ रोजी ते लिहून पुरं झालं तेव्हा हा मुलगा सोळा वर्षांचा होता. पुढे तो अडतीस वर्षांपर्यंत जगला, व्हायोलिन कॉन्चेर्टोसारखं खूप काही सुंदर लिहिलं त्यानं, पण माझ्या मते या ऑक्टेटच्या वर तो कधी गेला नाही.

सुरुवातच बघा ना. खाली बाकीचे सगळे थरथरत असतात आणि पहिलं व्हायोलिन सर्वांत खालच्या तारेवरून निघतं ते बघता बघता तारसप्तकात पोचतं. हे आठ जणांनी मोठ्या वाद्यवृंदाच्या सिम्फनीसारखं वाजवायचं, हलका आणि जोरकस आवाज यांतला फरक नेहमीपेक्षा ठळक दाखवायचा, अशी सूचना त्यानं लिहून ठेवली आहे. काय हवंय ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

हे आलं कुठून? वडील बँकर, घरी दर रविवारी मैफल, वाजवायला दरबारी वाद्यवृंदातले लोक. बारा ते चौदा या वयात त्यानं नुसत्या तंतुवाद्यांसाठी बारा सिम्फनी लिहिल्या. लिहिलेलं लगेच वाजवून ऐकायला मिळणं हाच त्याचा रियाज. त्यांचं लायप्त्सिगर श्ट्रासंवरचं घर आता नाही, त्या जागी जर्मन संसदेचं वरचं सभागृह, बुंडेसराट, आहे. कामावरून येताना मी तिथे मुद्दाम उतरते.

तिसरा भाग, स्केर्त्सो म्हणजे चपळ, खेळकर तुकडा, सगळ्यांत अवघड. सुरुवातीपासून अगदी हलक्यानं, तुटक वाजवायचं. गज जेमतेम बोटभर हलवायचा, खांदा ताठरला की संपलं. जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' या नाटकातल्या चार ओळी त्याच्या मनात होत्या: ढग, धुकं, पानांतला वारा, आणि सगळं विरून जातं. शेवटी आमच्या हातातूनही ते तसंच विरून जातं. त्या ओळींचं गुपित त्यानं फक्त थोरल्या बहिणीला, फानीला, सांगितलं होतं. फानीही त्याच गुरूंकडे शिकली, तितक्याच तयारीची. पण ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला लिहिलं, की फेलिक्सचा संगीत कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी तो नुसता अलंकार. हे आठवलं की मला आजही राग येतो. मेरिंगडामजवळच्या दफनभूमीत दोघांची थडगी शेजारी शेजारी आहेत, १८४७ च्या मे महिन्यात ती गेली, नोव्हेंबरात तो. मी फुलं नेते ती फानीसाठी.

शेवटचा भाग दुसरा चेलो सुरू करतो. सगळ्यांत खालचा, एरवी कुणाचं लक्ष जाणार नाही असा माणूस, आणि पहिला शब्द त्याचा. मग पहिला चेलो, मग आम्ही व्हायोलावाले, मग एकेक व्हायोलिन. आपली पाळी येईपर्यंत छातीत धडधडतं. आठही खुर्च्यांवरच्या माणसांचा विचार सोळाव्या वर्षी कसा सुचतो, हे मला अजून उलगडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात तालमीचं रेकॉर्डिंग सरांना पाठवलं. त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. रात्री फोन आला.

"पोराचं वय किती म्हणालीस?"

"सोळा."

जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "शिकला कुणाकडे?"

मी सांगितलं: रचना त्सेल्टरकडे, व्हायोलिन एडुआर्ड रीत्सकडे. रीत्स तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता. १७ ऑक्टोबर हा त्याचा वाढदिवस, आणि ही रचना म्हणजे त्याला दिलेली भेट. म्हणून तर पहिल्या व्हायोलिनला इतकं भरभरून दिलंय. पुढे सातच वर्षांत रीत्स गेला.

"म्हणजे गुरुदक्षिणा," सर म्हणाले. "चेलोपासून सुरू होतं ते पुन्हा पाठव. फोनवर खालचे सूर नीट ऐकू आले नाहीत. आणि या वेळी माइक चेलोजवळ ठेव."