माझगाव डॉकच्या गेटातून आत जाण्याआधी

माझगाव डॉक म्हणजे मुंबईतला युद्धनौका आणि पाणबुड्या बांधणारा सरकारी कारखाना, म्हणजेच यार्ड. आयटीआय करणारी मुलं आणि त्यांचे आईवडील विचारतात, 'डॉकमध्ये काम कसं असतं हो?' विचारताना त्यांच्या डोळ्यांपुढे जलावतरणाचा दिवस असतो. बँड, झेंडे, टाळ्या, पाण्यात सरकणारं जहाज. तो दिवस एका जहाजाच्या वाट्याला एकदाच येतो. त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षं कशी जातात ते इथे लिहितोय, कारण नोकरी त्या वर्षांची असते.

इतिहास थोडक्यात. माझगावला छोटी गोदी बांधली गेली १७७४ साली. १९३४ मध्ये तिची कंपनी झाली, १९६० मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली आणि १९७२ मध्ये इथे बांधलेली 'निलगिरी' ही फ्रिगेट (विनाशिकेहून लहान युद्धनौका) नौदलात दाखल झाली. अलीकडची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत : 'विशाखापट्टणम', 'मुरगाव', 'इंफाळ', 'सुरत' या १६३ मीटर लांबीच्या विनाशिका आणि 'कलवरी' वर्गाच्या सहा पाणबुड्या. त्यांतल्या 'खांदेरी'चं नाव म्हणजे अलिबागजवळच्या आपल्याच थळ किनाऱ्यासमोरचा शिवकालीन जलदुर्ग. पण यार्डात जहाजाला नावाने फारसं कुणी हाक मारत नाही. 'सुरत' म्हणजे १२७०७. ड्रॉइंगवर, पाइपच्या टॅगवर, तपासणीच्या कागदावर हाच यार्ड नंबर असतो. जागाही तशीच सांगायची : कुठला डेक (मजला), कुठली फ्रेम (जहाजाची आडवी बरगडी), पोर्ट (डावी बाजू) की स्टारबोर्ड (उजवी). 'त्या जिन्याजवळच्या खोलीत' म्हणालात तर अर्धा दिवस शोधण्यात जाईल, कारण तसे जिने पुष्कळ असतात.

आता मुद्द्याचं. बाहेरून वाटतं की युद्धनौका बांधणं म्हणजे लोखंड जोडणं. जोडणं जमतंच. अवघड असते ती रांग, म्हणजे एका कंपार्टमेंटमध्ये कुणी आधी शिरायचं आणि कुणी नंतर. सरळ क्रम असा : प्लेट ब्लास्ट करून प्रायमर, कापणी, जुळणी, वेल्डिंग, मग ब्लॉक, म्हणजे जहाजाचा एक मोठा तुकडा. ब्लॉक अजून जमिनीवर असतानाच त्यात शक्य तेवढे पाइप, फाउंडेशन आणि केबल ट्रेचे ब्रॅकेट बसवायचे, कारण वर्कशॉपमध्ये ब्लॉक उलटा करून जे वेल्डिंग खाली मान घालून होतं, तेच जहाजावर आडवं पडून डोक्यावर करावं लागतं. मग ब्लॉक स्लिपवेवर (जिथून जहाज पाण्यात सोडतात त्या उतारावर) उभारायचे, टाक्यांची चाचणी, रंग, इन्सुलेशन, केबल आणि शेवटी यंत्रं.

कागदावर हे सोपं दिसतं. पण युद्धनौकेत रडार, क्षेपणास्त्र, सोनार वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि त्यांची अंतिम मापं बऱ्याचदा उशिरा हाती पडतात. समजा, रंग झालेल्या बल्कहेडवर (दोन कंपार्टमेंटमधल्या पोलादी भिंतीवर) वीतभर लांबीचा एक ब्रॅकेट नव्याने लावायचाय. वेल्डिंग दहा मिनिटांचं. त्याआधी मात्र हॉटवर्क (ठिणगी उडणाऱ्या कामाचा) परवाना, पलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये काय आहे ते पाहणं, तिथलं इन्सुलेशन सोडवणं, केबल झाकणं, दोन्हीकडे फायरवॉच, म्हणजे आगीवर नजर ठेवणारा माणूस. नंतर दोन्ही बाजूंचा जळालेला रंग घासून पुन्हा कोट, प्रत्येक कोटमध्ये सुकायचा अवधी, मग पुन्हा तपासणी. दहा मिनिटांच्या कामाने आठवडा खाल्ला, असं म्हणतात ते याचसाठी. हे ज्याला लवकर कळतं तो चांगला सुपरवायझर होतो. हात कितीही चांगला असला तरी हे न कळलेला माणूस सतत दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडत राहतो.

वेल्डरसाठी थोडं सविस्तर. हलची (जहाजाच्या बाहेरच्या कवचाची) प्लेट साध्या माइल्ड स्टीलची नसते. डीएमआर २४९ए हे नौदलासाठी देशातच विकसित झालेलं पोलाद आता वापरात आहे. त्याला लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड लागतात आणि ते ओलावा धरतात. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजायचे, मग होल्डिंग ओव्हनमध्ये आणि जागेवर नेताना गरम क्विव्हरमध्ये (विजेवर तापणाऱ्या हातातल्या डब्यात). क्विव्हरचा प्लग काढून त्यावर स्वतःचा पंखा लावणारा महाभाग प्रत्येक यार्डात असतो. इलेक्ट्रोड गार झाले की ओलावा शिरतो, त्यातला हायड्रोजन जोडात उतरतो आणि तडा जातो. तो लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उगवतो. म्हणूनच अशा जोडांची अंतिम तपासणी ४८ तास थांबून करतात. प्लेटच्या जाडीप्रमाणे आधी तापवणं, मुळाशी गाउजिंग (जोड खरवडून काढणं) करून डाय पेनिट्रंट टेस्ट (रंगीत द्रवाने तडे शोधणं), शेवटी अल्ट्रासॉनिक किंवा एक्स-रे. दुरुस्ती निघाली की तेवढा भाग खोदून पुन्हा पहिल्यापासून.

वरच्या बांधकामात पाच-सहा मिलिमीटरची पातळ प्लेट असते. तिथे वेगळं दुखणं. एका टोकाकडून सलग वेल्डिंग करत गेलात की प्लेट पापडासारखी वळते. मधून बाहेरच्या दिशेला, थोडं इकडे थोडं तिकडे, ठरवून दिलेल्या क्रमानेच जायचं. तरीही वळली तर लाइन हीटिंग : टॉर्चने रेषा तापवायच्या आणि पाणी मारायचं. हे काम जमलेले जुने हात कमी आहेत. त्यांच्याजवळ नुसतं उभं राहायला मिळालं तरी सोडू नका.

पावसाळा हा मुंबईतल्या रंगकामाचा खरा शत्रू. नियम सगळीकडे एकच : प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते) किमान ३ अंश जास्त आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरा, दवबिंदू २५ च्या जरा वर येतो. म्हणजे प्लेट हवेपेक्षाही किंचित गरम हवी. पाण्यात उभ्या जहाजाच्या खालच्या टाक्यांमध्ये ती तशी नसते, सकाळी हात लावला तर ओल लागते. मग हवा सुकवणारा डीह्युमिडिफायर, ब्लोअर आणि वाट पाहणं. घाईने मारलेला रंग त्या दिवशी छान दिसतो आणि पुढे फोड येऊन सुटतो.

पाइपवाल्यांना एकच सांगणं : टोपी. स्पूलच्या (तयार पाइपच्या तुकड्याच्या) टोकांवरची प्लास्टिकची टोपी जोडायच्या क्षणापर्यंत काढायची नाही. आत गेलेला ग्राइंडिंगचा चुरा हायड्रॉलिक लाइनमध्ये राहिला तर फ्लशिंग (तेल फिरवून लाइन धुणं) दिवसेंदिवस चालतं आणि तरी तेल साफ येत नाही. केबलवाल्यांचं दुःख याच्या उलट. त्यांचं काम शेवटी येतं आणि वरून पडणारी प्रत्येक ठिणगी त्यांच्यावर पडते. एक भाजलेली लांब केबल बदलायची म्हणजे वाटेतली बल्कहेडची सगळी ट्रान्झिट (केबल पलीकडे नेणारी सीलबंद भोकं) उघडायची. मधे जोड देऊन भागवता येत नाही.

सुरक्षेबद्दल हात आखडून लिहिणार नाही. बंद टाकीत शिरण्याआधी गॅस टेस्ट झालीच पाहिजे. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या आत, ज्वलनशील वायू नाही, बाहेर एक माणूस नाव लिहून घेत उभा, आत कमी व्होल्टेजचा दिवा. सकाळची टेस्ट जेवणानंतर चालत नाही, पुन्हा करायची. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो. टिग वेल्डिंग (ज्यात आर्गॉन वापरतात) चालू असलेल्या खोलगट जागेत तो तळाशी साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस खाली वाकला की उठत नाही. त्याला काढायला धावलेला दुसराही पडतो. जेवायला जाताना गॅसचे पाइप टाकीतून बाहेर ओढायचे, नुसता टॉर्चचा कॉक बंद करून भागत नाही. काम संपल्यावर फायरवॉचने किमान अर्धा तास थांबायचं, आणि तेही बल्कहेडच्या दोन्ही बाजूंना. जून २०१९ मध्ये बांधणी सुरू असलेल्या 'विशाखापट्टणम'वर आग लागून एका कंत्राटी कामगाराचा जीव गेला. अर्धवट बांधलेल्या जहाजात धूर भरायला मिनिटं लागतात. तात्पुरते ब्लोअर, होज आणि वायरी दारांतून गेलेल्या असतात, त्यामुळे दारं बंदही करता येत नाहीत. नव्या कंपार्टमेंटमध्ये गेलात की आधी बाहेर पडायच्या दोन वाटा बघा, मग अवजारं काढा.

पाणबुडीचं काम याहून नाजूक. 'कलवरी' वर्गाची लांबी ६७.५ मीटर, आणि आत एका वेळी किती माणसं मावतील यावरच दिवसाचं काम ठरतं. तिथे रांग हाच कायदा.

तुमचं काम झालं, तुमच्या सुपरवायझरने पाहिलं, यार्डाच्या क्वालिटीने पाहिलं, तरी ते झालं असं होत नाही. नौदलाची देखरेख करणारी तुकडी यार्डातच बसते आणि ठरलेल्या टप्प्यांवर तिची सही लागते. तपासणीला बोलावण्याआधी जागा झाडून, उजेड लावून, ड्रॉइंगची चालू आवृत्ती हातात ठेवायची. जुनी आवृत्ती घेऊन केलेलं अचूक काम हे चुकीचंच काम.

नोकरीचं स्वरूपही नीट समजून घ्या. आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तीन स्तरांवर अप्रेंटिस घेतात. अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरीची हमी नव्हे, कायद्यानेच नाही. कुशल कामगारांच्या अलीकडच्या मोठ्या भरत्या ठरावीक मुदतीच्या करारावर, सुरुवातीला तीन वर्षांसाठी झाल्या आहेत. त्याशिवाय ठेकेदाराकडची माणसं. एकाच बल्कहेडच्या दोन बाजूंना काम करणाऱ्या दोन वेल्डरांच्या पगारात आणि सुट्ट्यांत बराच फरक असू शकतो. हे पटो न पटो, आधी माहीत असलेलं बरं. सही करण्याआधी करारातला मुदतीचा आणि मुदतवाढीचा परिच्छेद दोनदा वाचा.

ट्रेड टेस्टला जाणाऱ्या वेल्डरांनी उभ्या आणि ओव्हरहेड पोझिशनवर हात बसवावा, जहाजात टेबलावरचं वेल्डिंग क्वचितच मिळतं. कपडे सुती हवेत. टेरिकॉटवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. पोलीस पडताळणीची कागदपत्रं तयार ठेवा, नावाचं स्पेलिंग आधार आणि मार्कशीटवर सारखं आहे का पाहा, अडतं ते तिथेच. कॅमेऱ्याचा फोन आत न्यायचा नाही आणि घरी आल्यावरही आज काय बसवलं हे व्हॉट्सअॅपवर सांगायचं नाही. शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा हेल्पर आणि मॅनेजर असा भेद करत नाही.