नामंजूर, नामंजूर

शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी शेजारगावची बुडीत विकास सोसायटी आमच्या सोसायटीत विलीन करायचा ठराव आला, तेव्हा सभेत सगळ्यात मोठ्यानं ‘नामंजूर’ ओरडलो तो मीच. मागून एक म्हातारबा पुटपुटले, “त्यास्नी खादं, ते आपीन काब्र फेडानं?” ठराव पडला. शेजारगाव म्हणजे माझ्या बहिणीचं सासर. त्या दिवाळीला ती आली, मेहुणे आले नाहीत.

स्लोव्हाकियाचं वाचलं की मला अमळनेरकडचे ते म्हातारबाच आठवतात. या देशानं जानेवारी २००९ मध्ये युरो हे सामायिक चलन घेतलं आणि पुढच्याच वर्षी युरोवाल्या देशांवर आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीवर मिळून कर्जात बुडालेल्या ग्रीसला ११० अब्ज युरोंचं कर्ज द्यायची वेळ आली. स्लोव्हाकियानं हात आखडता घेतला. आमचे पगार, आमच्या पेन्शनी ग्रीकांपेक्षा कमी, मग आम्ही का भरायचं? २०११ च्या ऑक्टोबरात अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या युरोपच्या बचाव निधीच्या ठरावावर पंतप्रधान इव्हेता रादिचोव्हा यांचं सरकारच पडलं. दोनच दिवसांनी त्याच संसदेत तोच निधी मंजूर! विरोधकांना मुदतपूर्व निवडणूक हवी होती, ती पदरात पडली. (आमचे संचालक याहून काय वेगळं करतात?)

ग्रीसची तऱ्हा आणखी मजेची. २०१५ मध्ये बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो. ५ जुलैच्या मतदानात ६१ टक्के लोकांनी कर्जाच्या अटी धुडकावल्या. पण युरो सोडायला मात्र बहुतेक जण तयार नव्हते. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल, मी नाही म्हणणार. अटींनी पेन्शन कापली जाते, आणि उरलीसुरली ठेव युरोत आहे. खिसा एकच.

हे मला कळतं, कारण टक्काभर जादा व्याजाच्या लोभानं कपाशीचे पैसे मी एका पतसंस्थेत ठेवले होते. एका सोमवारी गेलो तर शटर खाली. मग जळगावला कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला. ‘सरकारनं ठेवी परत कराव्यात’ असा फलक माझ्याच हातात. सरकारच्या तिजोरीत शेजारगावचेही पैसे असतात, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मेहुण्यांची त्या पतसंस्थेत एक रुपयाही ठेव नव्हती. तरी ते आले, आमच्या गावची माणसं ट्रॉलीत भरून ट्रॅक्टर घेऊन. परत जाताना डिझेलचे पैसे मात्र रोख मोजून घेतले.