तिघांचा पत्ता एकच

“भाऊ, एक चालू केला का दुसऱ्याचं नेट जाते. काऊन होते असं?”

सकाळी सातला गुरुजींचा फोन. दारव्ह्याच्या माझ्या दुकानाचं शटरही अजून उघडलं नव्हतं. मी नेहमीचं बोललो, वायर हलवून पाहा, स्विच बंद-चालू करा. “केलं ना बाप्पा सगळं,” गुरुजी म्हणाले. “एका बैलानं मान वर केली का दुसरा खाली टाकते.”

लॅपटॉप मीच करून दिलेले. तीन थिंकपॅड एक्स२००, २००८ सालचं मॉडेल. नागपूरच्या एका ऑफिसनं गावच्या वाचनालयाला दिले होते, सोबत लेटरहेडवर पत्रही होतं. पण बायोसला, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला, पासवर्ड, आणि तो ऑफिसात कोणालाच आठवेना. पेन ड्राइव्हवरून बूट, म्हणजे मशीन सुरू करणंही बंद करून ठेवलेलं. मग मी पामरेस्ट काढून बायोसच्या चिपला क्लिप लावली आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरून लिबरबूट टाकलं, म्हणजे बायोसच्या जागी चालणारा खुला प्रोग्रॅम. पासवर्ड विचारणारा बायोसच राहिला नाही, तर विचारणार कोण? या कामाला एक्स२०० म्हणजे गरीब गाय. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे आत गुपचूप चालणारा कंपनीचा वेगळा प्रोग्रॅम, तोसुद्धा या पिढीत चिपवरून पूर्ण काढून टाकता येतं.

नियम असा, की आधी चिपमधला जुना मजकूर दोनदा वाचायचा, दोन्ही फायली हुबेहूब जुळल्या तरच पुढं लिहायचं. पहिल्या दोघांच्या जुळल्या. तिसऱ्याची क्लिप नीट बसेना. रात्रीचे साडेअकरा झाले होते, दोन वेळा वाचलं, दोन्ही फायली वेगळ्या. मी कंटाळलो आणि तसंच लिहून टाकलं. एकेक करून तपासले तर तिन्ही झकास चालले.

मोटरसायकल काढली. कापूस वेचणीचे दिवस, रस्त्यानं बायांचे घोळके. वाचनालयात ग्रामपंचायतीतून ओढलेली केबल, एक छोटा स्विच, त्यावर तिन्ही लॅपटॉप. मी दोन शेजारी मांडून आयपी, म्हणजे नेटवर्कवर मशीनला मिळणारा नंबर, पाहिला. दोन्हीकडं शेवटी १०४. डोक्यात लख्ख उजेड पडला. खाली मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख, पाहिला, तोही अक्षर न् अक्षर सारखा. तिसऱ्याचाही तोच.

चूक माझीच. या मॉडेलमध्ये नेटवर्क कार्डाचा पत्ता बायोसच्याच चिपवर, ८ केबीच्या एका कप्प्यात असतो. तयार मिळणाऱ्या फाइलीत तिथं नमुन्याचा पत्ता भरलेला असतो, तो बदलून प्रत्येक मशीनचा आपापला टाकायचा. मी एकच फाइल तिघांत ओतली. राउटर तिघांना एकच गिऱ्हाईक समजून एकच आयपी देणार, आणि स्विचला कळेना की हा पत्ता नेमका कोणत्या भोकावर आहे.

बरं एवढंच, की आता पुन्हा खोलायची गरज नव्हती. लिबरबूट असलं की चिप आतूनच लिहिता येते, फक्त कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, बूट होताना थोडी सूट द्यायला सांगावं लागतं. पण तिघांपैकी दोघांच्या बॅटऱ्या मेलेल्या, आणि लिहिताना लाईन गेली तर तो लॅपटॉप पुन्हा क्लिपवर. मग एकच चांगली बॅटरी काढून आलटून पालटून तिघांना लावायची ठरवली. पहिल्या दोघांचे मूळ पत्ते जुन्या फायलींत होतेच, पेन ड्राइव्ह किल्लीच्या जुडग्यात. दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही सोबत नेटवर.

राहिला तिसरा. त्याचा खरा पत्ता मी त्या रात्रीच पुसून बसलो होतो. म्हटलं, हातानं देऊ. पत्त्याची पहिली जोडी ०० होती, ती ०२ केली. त्याचा अर्थ, हा पत्ता कारखान्यातला नाही, घरी दिलेला आहे. लिहिलं, चालू केलं, तर नेटवर्क कार्डच गायब. कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, ड्रायव्हरची तक्रार: बेरीज जुळत नाही.

तेव्हा आठवलं. त्या कप्प्यातले पहिले ६४ आकडे मिळवले की बेरीज ठरावीक यावी लागते. कॉम्प्युटरवाले दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजतात, त्यात नवानंतर ए, बी अशी अक्षरं येतात; तशी ती लिहिली की पडतं बी-ए-बी-ए. म्हणजे बाबा! इंटेलच्या कोणत्या इंजिनिअरला हे सुचलं कोण जाणे. आपल्या रोजच्या हिशोबात ४७८०२.

गुरुजी गणिताचे. चष्मा वर करून म्हणाले, “म्हंजे तू इकडं २ वाढवले. तं तिकडं शेवटच्या आकड्यातून २ काढ, झालं.”

खरंच एवढंच होतं. त्या कप्प्याच्या दोन प्रती असतात, दोन्हीकडं पत्ता तसाच ठेवून शेवटच्या आकड्यातले २ कमी केले. लिहून पडताळणी सुरू असतानाच लाईन गेली. पंखा थांबला, स्विचचे दिवे विझले. स्क्रीन मात्र चालूच, खाली बॅटरी होती. मी आणि गुरुजी दोघंही टक्क्यांकडं बघत गप्प.

“आला का बाबा?”

“लिहून तं झालं जी. लाईन आली का समजते.”

लाईन येईपर्यंत गुरुजींनी चहा मागवला आणि पोराचा नवा लॅपटॉप पुढं केला. त्यातही हेच टाकून दे म्हणाले. त्यात बूट गार्ड नावाचं कुलूप होतं. कंपनीची सही नसलेला बायोस दिसला की प्रोसेसर सुरूच होत नाही, आणि ते कुलूप मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये कायमचं जाळून बसवलेलं. ‘याले नाही जमत गुरुजी’ म्हटलं तेव्हा त्यांना पटलं नाही. “नवा असून?”

सव्वातीनला लाईन आली. तिघांचे आयपी तीन झाले. मी तिन्ही लॅपटॉप उलटे करून मार्करनं खाली त्यांचे पत्ते लिहिले, तिसऱ्याच्या खाली ‘घरचा’ असंही.