पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलू नका

चेक लाइट लागली, स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड दिसला की नाशकात द्वारका असो वा सातपूर, पहिला सल्ला ठरलेला: ऑक्सिजन सेन्सर बदला. बहुतेक वेळा हे पैसे पाण्यात जातात. कोडचा अर्थ एवढाच की मिश्रण लीन झालंय, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. सेन्सरने ते कळवलं. बिघाड त्याच्यातच आहे असं कोड म्हणत नाही.

कोड उडवायची घाई करू नका. त्यासोबत फ्रीझ फ्रेम, म्हणजे त्या क्षणाची साठवलेली नोंदही जाते आणि कोड पडला तेव्हाचा आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान त्यातच असतं. आधी फोटो काढा. निफाडच्या थंडीत सकाळीच कोड पडत असेल, तर कडक झालेला रबरी पाइप हा पहिला संशयित. इंजिन तापलं की तोच पाइप नरम होऊन बसतो.

मग स्कॅनरच्या लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेला) फ्युएल ट्रिमची बेरीज बघा. ट्रिम म्हणजे ईसीयू, गाडीचा संगणक, ठरलेल्या हिशेबापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते. ५ टक्क्यांच्या आतबाहेर उत्तम, १० पर्यंत चालतं, साधारण +२५ ला कोड पडतो. ई१० वर (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) सेट झालेल्या जुन्या गाडीत ई२० (२० टक्के) भरलं की ४-५ टक्के नुसत्या इंधनानेच वाढतात. तेवढ्यासाठी काही उघडू नका.

गरम इंजिनवर, एसी बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता आयडलचा ट्रिम लिहून घ्या. नंतर २५०० आरपीएम मिनिटभर धरा. आयडलला +२० आणि २५०० ला +५ असेल, तर थ्रॉटलनंतर (हवेच्या झडपेनंतर), इंजिनच्या बाजूला कुठेतरी जादा हवा आत ओढली जातेय. आयडलला इंजिन मुळात हवाच कमी घेतं, म्हणून छोटी गळतीही तिथे मोठी ठरते. उलट लोडवर ट्रिम चढत असेल, तर पंप किंवा फिल्टर कमी पडतोय, नाहीतर मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) मळलाय.

पण हे गणित मॅफवाल्या गाड्यांचं. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्या मॅप सेन्सरवर चालतात; तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो. तिथे ओढलेली हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल देतो. ट्रिम फारसा हलत नाही, आयडल मात्र चढतो. अशा गाडीत आधी मॅप सेन्सरच तपासा. चावी ऑन, इंजिन बंद. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास रीडिंग यायला हवं. ८८ दिसलं तर ईसीयूला हवा कमी वाटते, तो पेट्रोलही कमी देतो आणि मिश्रण लीन होतं. १०१ मुंबईत बरोबर असेल, नाशकात नाही.

सीएनजी गाडीत हीच तपासणी दोन्ही इंधनांवर करा. फक्त गॅसवर ट्रिम चढला, तर गॅस फिल्टर, रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) किंवा किटचं ट्युनिंग बघा. फक्त पेट्रोलवर चढला तर इंजेक्टर बघा. कायम गॅसवर पळणाऱ्या गाडीत ते जाम होतात.

गळती शोधताना पीसीव्हीच्या (इंजिनातली तेलाची वाफ परत आत नेणाऱ्या) पाइपचा कोपरा बोटाने वाकवून बघा. वरून शाबूत दिसतो, खालून चिरलेला असतो. मग ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्ड गास्केट, इंजेक्टरचे ओ-रिंग. कार्ब क्लीनर मारून आरपीएम बदलतो का बघतात, पण तापलेल्या एक्झॉस्टवर उडाला तर आग लागते. स्मोक मशीन (धूर सोडून गळती दाखवणारं) मिळत असेल तर तेच वापरा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट फुटला असेल, तरी बाहेरची हवा आत जाऊन खोटं लीन दिसतं. तिथल्या जोडावरची काजळी त्याची खूण.

पीसीव्हीचा पाइप तेलाच्या वाफेला टिकणारा, नायट्राइल रबराचाच घ्या. साधा सिलिकॉनचा पाइप तेलाने फुगतो. एम-सील लावून भागवू नका, इंजिनच्या हादऱ्यांनी ते सुटतं.

काम झाल्यावर कोड उडवा आणि गाडी कसाऱ्यापर्यंत नेऊन आणा. परतीच्या घाटात पूर्ण लोड मिळतो, शहरात सिग्नलवर आयडल. दोन्हीकडे ट्रिम १० च्या आत राहिला आणि दोन-तीन दिवसांनी पेंडिंग कोडची (अजून दिवा न लावलेल्या, संशयाच्या कोडची) यादी रिकामी निघाली, की गाडी ताब्यात द्या.