आमची वाटचाल : रजईच्या टाक्यापासून स्लीपिंग बॅगेपर्यंत

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीजवळ आमचे गाद्या-उशांचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे. कापूस पिंजून घेणे, गादी भरणे, रजईला टाके घालणे हा घरचा धंदा. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात आज ट्रेकिंगचे साहित्य मिळते आणि त्यातही थंडीच्या ट्रेकला लागणाऱ्या स्लीपिंग बॅगा हे आमचे मुख्य काम झाले आहे. हा बदल आम्ही ठरवून केला असे म्हणता येणार नाही. तो गिऱ्हाइकांनी आमच्याकडून करवून घेतला.

पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला निघणारी मुले आमच्याकडे प्लास्टिकचे कागद आणि अंथरायला फोमच्या पट्ट्या न्यायला येत. त्यांच्यातलीच काही पुढे हिमालयाची वाट धरू लागली. एके दिवशी एक मुलगा रजई खांद्यावर टाकून दुकानात आला आणि म्हणाला, "काका, केदारकंठ्याला निघालोय, ही निम्मी करून द्या. सॅकमध्ये बसंना झालीया." रजई निम्मी करता आली असती, पण सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या त्या शिखराखालच्या मुक्कामांवर हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या खाली जातो आणि कापूस एकदा दमट झाला की तिथे वाळत नाही. वजन तर वेगळेच. त्याला आम्ही रजई घरीच ठेवायला सांगितले आणि आमच्याकडे पहिल्यांदा स्लीपिंग बॅगा मागवल्या गेल्या.

वडिलांना या बॅगा प्रथम पटल्या नव्हत्या. एवढ्याशा पिशवीत ऊब कुठून येणार, हा त्यांचा प्रश्न होता. मग त्यांनी पिसांची एक बॅग तिच्या पिशवीतून बाहेर काढली, ती फुगेपर्यंत वाट पाहिली, ट्यूबलाइटसमोर धरली आणि शिवणीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "इथं दोन्ही अंगांचं कापड एकाच टाक्यात धरलंय. इथनं गार लागणार." त्यांचे निदान अचूक होते. ज्या बॅगेत बाहेरचे आणि आतले कापड थेट एकमेकांना शिवलेले असते, तिच्या प्रत्येक शिवणीवर भरण शून्य होते आणि थंडी तिथून आत शिरते. कडक थंडीच्या बॅगेत मात्र दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या घालून कप्पे केलेले असतात, त्यामुळे भरणाची जाडी सगळीकडे राहते. ऊब देते ती भरणात अडकलेली हवा, हे पिंजलेल्या कापसात आयुष्य गेलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

पिसांची प्रत मोजण्याची पद्धतही याच हवेवर आधारलेली आहे. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसे फुगून किती घनइंच जागा व्यापतात, तो आकडा म्हणजे 'फिल पॉवर'. ५५० फिल पॉवरची तेवढी पिसे सुमारे ९ लिटर जागा व्यापतात, तर ८०० ची सुमारे १३ लिटर. त्यामुळे तेवढ्याच उबेसाठी चांगल्या प्रतीची पिसे कमी लागतात आणि बॅग हलकी व लहान होते. मात्र हा आकडा प्रतीचा आहे, उबेचा नव्हे. ८०० ची पिसे बेताचीच भरली असतील, तर ६५० ची भरपूर पिसे असलेली बॅग तिच्यापेक्षा उबदार ठरते. म्हणून भरणाचे वजन किती, हे आम्ही कंपनीकडून विचारून घेतो.

तापमानाच्या आकड्यांचा घोळ याहून मोठा आहे. दुसरीकडून घेतलेली, वर ठळक अक्षरांत 'उणे १०' छापलेली बॅग घेऊन लोक आमच्याकडे येतात आणि शून्यालाच रात्रभर कुडकुडलो अशी तक्रार करतात. युरोपात २००२ मध्ये आलेल्या ईएन १३५३७ या मानकाने, आणि २०१६ पासून त्याच्या जागी असलेल्या आयएसओ २३५३७ ने, तापवलेल्या पुतळ्यावर चाचणी घेऊन वेगवेगळे आकडे देण्याची पद्धत घालून दिली. 'कम्फर्ट' हा आकडा प्रमाण स्त्री सैलपणे झोपू शकेल असे तापमान दाखवतो. 'लिमिट' हा प्रमाण पुरुष अंग आखडून कशीबशी झोप काढू शकेल असे. आणि 'एक्स्ट्रीम' हा केवळ जीव वाचण्याच्या हद्दीचा. ठळक छापलेला आकडा पुष्कळदा शेवटचा असतो. आमच्या दुकानात बॅग दाखवताना फक्त कम्फर्टचा आकडा सांगितला जातो आणि अपेक्षित थंडीपेक्षा तो चार-पाच अंशांनी खालचा घ्यावा, असा आमचा आग्रह असतो. ज्या बॅगेवर कम्फर्टचा आकडाच नाही, ती आम्ही ठेवत नाही. यामुळे काही गिऱ्हाईक हातचे जाते, ते जाऊ द्यावे.

बॅग घेण्याआधी प्रत्येकाने दुकानात चटईवर आडवे होऊन ती घालून पाहावी, हा आमचा दुसरा नियम. यामागे कोल्हापूरचेच एक कारण आहे. एका तालमीतले पैलवान मित्रांबरोबर हिमालयात निघाले होते. खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती अशी ममी आकाराची बॅग त्यांनी छातीपर्यंत ओढली आणि तिथेच थांबून म्हणाले, "मालक, आता श्वास घेतला तर चेन तुटंल." बॅग अशी ताणली गेली की भरण दबते, हवा निघून जाते आणि ऊबही. उलट, सडपातळ माणसाने फार रुंद बॅग घेतली तर आतली मोकळी जागा तापवण्यातच अंगातली उष्णता खर्च होते. पैलवानांना आम्ही मोठ्या मापाची बॅग मागवून दिली. ती थोडी जड आली, पण त्यांना वजनाची काय तक्रार असणार!

अंगाखाली काय अंथरायचे, याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि गादीवाले असल्यामुळे आम्हाला ते सर्वांत आधी दिसते. माणूस झोपला की त्याच्याखालचे भरण चपटे होते, मग पिसे कितीही भारी असोत. जमिनीची थंडी अडवायची ती मॅटनेच. मॅटची ही क्षमता आर-व्हॅल्यूने मोजतात; साधी फोम मॅट दोनच्या आसपास असते, बर्फावर मुक्काम असेल तर पाचच्या पुढची हवी. दोन फोम मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते, हा स्वस्त उपाय आम्ही आनंदाने सांगतो, जरी त्यात आमची महागडी मॅट विकायची राहून जाते.

सह्याद्रीसाठी पिसांची बॅग घेऊच नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो. दाजीपूर किंवा रांगण्याच्या परिसरात हिवाळ्यात ८-१० अंशांची थंडी म्हणजे डोक्यावरून पाणी; तिथे पाच अंश कम्फर्टची कृत्रिम धाग्याची बॅग पुरते आणि ती दवाने भिजली तरी बरीच ऊब राखते. पिसे भिजली की गोळा होतात. हिमालयात मात्र शून्याच्या आसपास कम्फर्ट असलेली पिसांची बॅग किलोभरात बसते, तर तेवढ्याच उबेची कृत्रिम धाग्याची बॅग दीडपट ते दुप्पट जड असते आणि निम्मी सॅक व्यापते. किमतीतला फरक मोठा असल्याने कॉलेजच्या मुलांना आम्ही पिसांची बॅग भाड्यानेच देतो.

भाड्याच्या बॅगांनी आम्हाला धुलाईचे काम शिकवले. पिसांना सौम्य, खास साबण लागतो, पिळणे अजिबात चालत नाही, आणि कमी उष्णतेवर, मध्ये मध्ये गोळे हाताने मोकळे करत, पूर्ण वाळवावे लागते. वडील आजही हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते, तेव्हा जूनपासून आमच्या सगळ्या बॅगा सैल सुती खोळीत घालून माळ्यावर टांगलेल्या असतात. दाबून ठेवलेली बॅग हळूहळू फुगणेच विसरते. या खोळी आम्ही उरलेल्या गादीपाटातून शिवतो आणि विकलेल्या प्रत्येक बॅगेबरोबर एक देतो. या दिवाळीपासून जुन्या बॅगांच्या चेनी बदलणे आणि कमी पडलेली पिसे कप्प्यांत पुन्हा भरणे ही कामेही दुकानातच सुरू होत आहेत.