विचारू का त्याला?

समुपदेशकाच्या खोलीचं दार लोटून, आवाज खाली आणून हा प्रश्न मला विचारला जातो. कधी आई विचारते, कधी वर्गशिक्षक. "मुलं त्याला 'बायल्या' म्हणून चिडवतात. डबासुद्धा एकटाच खातो. त्याला सरळ विचारू का, तू गे आहेस का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नका विचारू.

दिवसभर मुलं त्याला हेच तर विचारत असतात, खिदळत. तुमच्या आवाजात कितीही माया असली तरी शब्द तेच. शिवाय चौदाव्या वर्षी त्याचं त्यालाच अजून नीट उमगलेलं नसेल. किंवा तो समलिंगी नसेलही. नुसत्या चालण्याबोलण्याच्या ढबीवरून मुलं एखाद्याला सोलून काढतात. छळ थांबवायला त्याच्या उत्तराची गरजच नाही. कोण त्रास देतं, कुठे, कधी, एवढं कळलं की काम सुरू करता येतं. जागा बहुतेक ठरलेल्या असतात: स्वच्छतागृह, खेळाच्या तासाआधी कपडे बदलायची खोली, आणि हल्ली वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथले स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. आणि कृपा करून त्यालाच दुसऱ्या बाकावर हलवू नका, 'तू खेळाला नको येऊस' असंही म्हणू नका. मोठी माणसं हमखास हेच करतात, आणि पोर आणखी एकटं पडतं. हलवायचं तर त्रास देणाऱ्याला हलवा.

न विचारण्याबद्दल मी इतकी हट्टी का, तर माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे. नवी होते. एका मुलीने विश्वासाने सांगितलं की तिला मुली आवडतात. मी, अगदी चांगल्या हेतूने, तिच्या आईला फोन केला. त्या रात्री तिचा मोबाइल गेला, मैत्रीण तुटली, आणि माझ्या दाराशी ती पुन्हा कधी आली नाही. आई पुढे निवळलीही असेल, पण ती बातमी मी द्यायची नव्हतीच. आता जीवाला धोका दिसला तर मी घरी कळवतेच. मात्र आधी मुलाला सांगून, आणि कळवते तो धोका, ओळख नाही.

'हा आजार तर नाही ना?' असंही मागोमाग येतं. नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. त्यामुळे 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या कुणाकडेही मुलाला नेऊ नका.

एकट्याने काय फरक पडणार, असं वाटतं ना? अमेरिकेतल्या 'द ट्रेव्हर प्रोजेक्ट' या, अशा मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, स्वीकारणारं एक जरी मोठं माणूस आयुष्यात असलं तर अशा मुलांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी दिसली. ते माणूस आईबापच असायला हवं असं नाही. मावशी चालते, प्रयोगशाळेतले सर चालतात. ट्रान्स मुलांच्या, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची स्वतःची ओळख वेगळी आहे अशांच्या बाबतीत तर त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारणं हीसुद्धा मोठी मदत असते. अर्थात घरच्यांसमोर कुठलं नाव घ्यायचं, हे त्यांनाच विचारून.

मुलाला तुमचा अंदाज येतो तो तुम्ही इतरांबद्दल काय बोलता त्यावरून. टीव्हीवरच्या बायकी पात्राला घरात सगळे हसले तेव्हा तुम्ही हसलात की नाही, हे त्याने कधीच टिपून ठेवलेलं असतं.

तेव्हा आज त्याच्याजवळ बसा आणि एवढंच म्हणा, "शाळेत तुला त्रास होतोय हे कळलंय मला. तुझी काही चूक नाही. काय करायचं ते दोघं मिळून ठरवू." तो 'काही नाही' म्हणेल. म्हणू दे. उद्या परत बसा.

आणि कधी त्याने सांगितलंच, तर "बरं केलंस सांगितलंस" म्हणा. बाबांना सांगायचं का, कधी, कुणी, हे त्याला ठरवू द्या.