केलं नव्हतं, तर कबूल का केलं?

साताऱ्यात वकिली करताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी सोसायटीच्या मीटिंगनंतर. परवा पोवई नाक्यावर भाजी घेताना ओळखीच्या एका काकांनी विचारला. "अहो, तुमचे ते पक्षकार नंतर म्हणतात, आम्ही काही केलंच नव्हतं. मग कोर्टात कबूल कशाला करतात? निर्दोष माणूस असं करेल का कधी?" काका, हातात पिशवी धरून उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून इथं सांगते.

२०१६ सालची गोष्ट. बीडकडची एक ऊसतोड टोळी माहुलीच्या बाजूला उतरली होती. कोप्या, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, नदीपासून हाकेच्या अंतरावर. जानेवारीत एका रात्री कृष्णेवरच्या पाणी उपशाच्या दोन मोटारींची केबल कुणीतरी कापून नेली. सकाळी जीप आली ती थेट कोप्यांवर. तिशीतल्या एका गड्याला उचललं. मुद्देमाल काय, तर कोपीमागं सापडलेला दोन हात वायरीचा तुकडा. पंच कोण, तर फिर्यादीचा भाऊबंद. कायदेशीर मदतीच्या पॅनेलवर मी होते, म्हणून कागद माझ्याकडं आले. उलटतपासणीत तो पंचनामा टिकला नसता, असं मला तेव्हा वाटलं होतं, आजही वाटतं.

नवव्या दिवशी जामीन मंजूर झाला. पंधरा हजारांचा, एक स्थानिक जामीनदार. जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे असा माणूस. त्यानं ताजा उतारा, आधार, रेशनकार्ड घेऊन, दिवसाचं काम बुडवून कोर्टात उभं राहायचं आणि सांगायचं, हा पळाला तर पैसे मी भरीन. इथल्या माणसाला असा एखादा मामा, मित्र, मालक सापडतो. याला कोण सापडणार? टोळी आणणाऱ्या मुकादमाची जमीन बीड जिल्ह्यात. ज्याच्या रानात तोड चालली होती तो शेतकरी म्हणाला, "मॅडम, मला गावात राहायचंय." रोख भरायची मुभा मागता आली असती, पण पंधरा हजार आणायचे कुठून? जामीन मंजूर, आणि माणूस आतच.

बाहेर त्याची बायको. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही त्या जोडीवर मिळते. नवरा आत गेला की उरतो अर्धा कोयता. ती एकटी तोडायची, एकटी मोळ्या बांधायची, आणि गाडी भरताना कुणी हात देतंय का बघत राहायची. फिटायची उचल अंगावर चढत गेली. तारखेला येताना ती फडक्यात भाकरी-ठेचा बांधून आणायची. द्यायला मिळाला तर मिळाला, नाहीतर तसाच परत. एकदा नाही मिळाला, तेव्हा सुटलेली गाठ ती व्हरांड्यात बसून पुन्हा बांधत होती. पाचटानं बोटं चिरलेली, गाठ काही नीट बसेना. मी बघत उभी होते.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. टोळी परत निघाली. एकाहत्तराव्या दिवशी तो मला म्हणाला, "मॅडम, म्या नाही तोडली केबल. पर कबूल करतो. गाडी उद्या निघतीय." मी समजावलं, पुरावा कच्चा आहे, खटला चालवू, सुटशील. "किती दिवस लागतील?" वर्ष, कदाचित दीड. खोटं सांगणं शक्य नव्हतं.

न्यायाधीशांनी रीतीप्रमाणे विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" "व्हय साहेब." कुणाचा दबाव? "नाही." भोगलेली कैद हीच शिक्षा, वर पाचशे रुपये दंड. दंड मुकादमानं भरला आणि उचलीत धरला. संध्याकाळी माणूस बाहेर. मी निर्दोष आहे म्हणत राहिला असता, तर त्या रात्रीही आतच झोपला असता. काका, म्हणून कबूल करतात.

त्या दिवशी लागलेला शिक्का मात्र गेला नाही. तीन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात चोरीच्या संशयावरून त्याला पुन्हा उचललं, तेव्हा जामिनाला विरोध करताना पहिलं वाक्य हेच होतं, आरोपीला पूर्वी चोरीत शिक्षा झाली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर चोरीच्या कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरलं की किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे.

माझ्याकडूनही चुकलं. जामिनाची अट शिथिल करा, असा अर्ज मी द्यायला हवा होता. १९७८ च्या मोतीराम खटल्याचा आधार होता. त्यात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडलं. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. कबुलीच्या दिवशीसुद्धा १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, असं मागता आलं असतं. त्या कायद्यानं सुटलेल्याला दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता चिकटत नाही. त्या गडबडीत मला सुचलं नाही. याची टोचणी अजून आहे.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका बुडालेल्या पतसंस्थेचा खटला चालू होता. संचालकांना अटकपूर्व जामीन मिळालेला, कोठडीचं दार त्यांनी पाहिलेलं नाही. अकरा वर्षं तारखा पडल्या. ठेवीदारांपैकी दोन महत्त्वाचे साक्षीदार म्हातारपणानं गेले. ते संचालक दोषीच आहेत असं मी म्हणत नाही, तो निकाल माझा नाही. पण पुढची तारीख पडली की ते गाडीत बसून घरी जातात, आणि माझा पक्षकार पोलिसांच्या गाडीतून जेलमध्ये. कलम लिहिणाऱ्यानं दोघांत फरक केलेला नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पाच लाख त्र्याहत्तर हजार माणसं होती, त्यांपैकी चार लाख चौतीस हजार न्यायाधीन बंदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेली. मी जेल व्हिजिटला जाते तेव्हा त्यांत पतसंस्थेचा संचालक क्वचित भेटतो. कोपीतला, पालातला, नाक्यावरचा माणूस रोज भेटतो.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, जामीन होऊन महिन्यात माणूस सुटला नाही तर कोर्टानं स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. तो आदेश मी आता फाइलमध्ये वरच ठेवते.

सध्या दहिवडीकडचा एक मुलगा आहे. मोबाइल चोरीचा आरोप, जामीन होऊन सव्वीस दिवस झाले. घरात कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. काल त्याची आई विचारत होती, "ताई, कबूल केलं तर लवकर सुटंल का?" मी म्हटलं, मावशी, आठ दिवस कळ काढा. शुक्रवारी अट शिथिल करण्याचा अर्ज बोर्डावर आहे.